आधी पाणी पे

[दृश्य: काटोल रस्ता. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. प्राथमिक आरोग्य केंद्राबाहेरची रांग.]

नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळच्या ओपीडीला थोडा वेळ थांबा. डोकं जड राहतं. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. छातीत धडधडतं. हातापायात जीव नाही. केसपेपरवर हेच उतरतं, त्यावर गोळी मिळते आणि पुढच्या महिन्यात तीच व्यक्ती तीच तक्रार घेऊन परत येते.

या तक्रारींमागे काय काय असतं, याचा अंदाज 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून येतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने ते केलं होतं. देशातल्या दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला त्या वेळी मानसिक आजार होता, आणि नैराश्यासारख्या नेहमीच्या आजारांत शंभरातल्या ऐंशीहून अधिक जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते.

नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, 1864 सालापासून. पण तिथल्या चौकाला कित्येक जण अजूनही ‘पागलखाना चौक’ म्हणतात. त्या नावाच्या चौकात उतरून आत जायला माणसाला फार धीर लागतो. गावच्या आरोग्य केंद्रात जायला तेवढा धीर लागत नाही. मनाचे उपचार गावच्या केंद्रात मिळायला हवेत ते म्हणूनच. 1982 चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि 1996 पासूनचा जिल्हा कार्यक्रम, दोन्हींमागचा विचार हाच होता.

आज आपण पाहणार आहोत तो या उपचारांचा एक छोटा पण मोलाचा भाग: स्वतःला सतत दूषणं देणाऱ्या माणसासाठी करुणेवर आधारलेली उपचारपद्धती.

[दृश्य: केंद्रातली लहान खोली. टेबल, बीपीचं यंत्र, समोरासमोर दोन खुर्च्या.]

पुढचा प्रसंग रचलेला आहे. खऱ्या रुग्णाचं बोलणं आम्ही पडद्यावर आणणार नाही.

चाळिशीतली बाई. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ झाली, बाग हातची गेली. फवारणीला उशीर झाला तो आपल्यामुळेच, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. नर्स बीपी घेते, पट्टा सोडवते आणि विचारते, “ताई, एकट्या असता तेव्हा मनातल्या मनात स्वतःले काय म्हणता?”

बाई आधी हसते. मग म्हणते, “काय म्हणन जी? तुह्याच्यानं काहीच होत नाही, हेच. दिवसभर हेच.”

हा प्रश्न आपल्या ओपीडीत जवळपास कधीच विचारला जात नाही, आणि ही मोठी उणीव आहे असं आम्हाला वाटतं. भूक, झोप, वजन यांची चौकशी होते. माणूस स्वतःशी कसा बोलतो, याची होत नाही. नैराश्य येण्यात, ते लांबण्यात आणि बरं वाटल्यावर पुन्हा उलटण्यात या बोलण्याचा हात असतो.

नर्स तिच्याकडून एक खरं, आधाराचं वाक्य काढून घेते: ‘वाईट दिवसांत घर मीच चालवलं.’ ते मोठ्यानं म्हणायला सांगते. बाई म्हणते. शब्द आधाराचे, पण सूर असा की कोणाला तरी झापते आहे. दात आवळलेले, खांदे वर चढलेले.

नेमकी हीच गोष्ट 1980 च्या दशकात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांच्या लक्षात आली. त्यांचे रुग्ण चुकीचे विचार ओळखायला शिकत, त्यांना योग्य उत्तरही देत, तरी त्यांना बरं वाटत नसे. एका रुग्ण स्त्रीला त्यांनी ती उत्तरं मनात जशी ऐकू येतात तशीच मोठ्यानं म्हणायला सांगितली. सूर अत्यंत कडवट निघाला. शब्द बदलले होते, बोलणारा मात्र तोच होता. डार्बी विद्यापीठात काम करताना गिल्बर्ट यांनी उपचाराची जी पद्धत घडवली, तिच्या मुळाशी हे निरीक्षण आहे.

त्यांची मांडणी अशी. माणसाच्या भावनांमागे तीन यंत्रणा असतात. पहिली धोका ओळखणारी: भीती, राग, लाज तिच्यातून येतात. दुसरी धावायला लावणारी: मिळवायचं आहे, पुढे जायचं आहे. तिसरी निवांत करणारी: लहान मूल मायेच्या कुशीत शांत होतं, ती. स्वतःला शिव्या घालणाऱ्या माणसात पहिली यंत्रणा सतत चालू असते. बाहेरून कोणी अंगावर आल्यावर शरीर जसं ताठरतं, तसंच आतून कोणी अंगावर आल्यावरही ताठरतं. तिसरी यंत्रणा पडून राहिलेली असते, तिला सवय लावावी लागते. उपचार म्हणजे बराचसा हा सराव.

[दृश्य: नर्स आणि बाई. दोघींचे हात मांडीवर.]

सुरुवात श्वासापासून. पाय जमिनीला टेकलेले, खांदे सैल, चेहरा मऊ. श्वास संथ, सोडताना थोडा जास्त वेळ. मिनिटाला पाच-सहा श्वास होईतो हळूहळू यायचं. यात गूढ काही नाही. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते, आणि शरीर शांत झाल्याशिवाय सूर उतरत नाही.

मग नर्स विचारते, “तुमच्याशी मायेनं कोण बोलत होतं?”

बाई बराच वेळ गप्प. मग, “माही आजी. शाळेतून रडत आली का म्हणे, ये वं बाई, बस. आधी पाणी पे.”

“तो आवाज धरा. आता तेच वाक्य त्या आवाजात म्हणा.”

या वेळी ती थांबत थांबत म्हणते, आणि अर्ध्यावर तिचा आवाज भरून येतो.

पुढच्या भेटीत ती स्वतःला पत्र लिहील, त्याच सुरात. ज्यांना लिहायची सवय नाही त्यांच्यासाठी आमच्या मते मोबाइलवर आवाज मुद्रित करणं उत्तम. आपल्याच बोलीतला आपलाच आवाज रात्री झोप उडाल्यावर ऐकता येतो.

पण प्रत्येकाला ही माया गोड लागत नाही. ज्यांच्या लहानपणी जवळ घेणारा आणि मारणारा हात एकच होता, त्यांना कोणी प्रेमानं बोललं की भीती वाटते, कधी संताप येतो. करुणेच्या या भीतीवर गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मोजपट्टीही तयार केली. अशा रुग्णाला घाई केली तर तो पुन्हा फिरकत नाही. काहींना वाटतं, स्वतःला झोडपलं नाही तर आपण आळशी होऊ. ही भीती आपल्याकडे फार. ‘छडी लागे छमछम’ ऐकत वाढलेली माणसं आपण. त्यांना हे सांगावं लागतं की चूक मान्य करणं आणि ती दुरुस्त करायला उठणं हाही करुणेचाच भाग आहे. पुढच्या बहाराच्या फवारणीचं वेळापत्रक भिंतीवर लावायचं, हे त्या बाईला शांत डोक्यानेच सुचेल.

आणि करुणा म्हणजे सोसत राहणं नाही. घरात मारहाण होत असेल, सावकार दारात बसला असेल, तर बाईला श्वास शिकवून घरी पाठवणं हा अन्याय आहे. तिथे पोलीस, वकील, कर्जाची सोय यांची वाट दाखवावीच लागते.

[दृश्य: दीक्षाभूमी, स्तूपाचा घुमट.]

ही पद्धत परदेशात घडली असली तरी गिल्बर्ट यांनी उत्क्रांतीच्या अभ्यासासोबत बौद्ध परंपरेकडूनही बरंच घेतलं आहे. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी याच नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. सर्व प्राणिमात्रांत आपण स्वतःही येतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना तुम्ही कमी आहात असं सांगितलं गेलं, त्यांच्या घरांत हा विचार समजावून सांगायला वेगळी भाषा शोधावी लागणार नाही.

पुरावा किती आहे? 2006 च्या एका छोट्या अभ्यासात सहा रुग्णांनी दोन-दोन तासांची बारा सत्रं पूर्ण केली; त्यांचं नैराश्य, चिंता, लाज आणि स्वतःवरची टीका कमी झाली. सहा म्हणजे फारच थोडे. 2015 मध्ये चौदा अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. स्वतःवर कठोर टीका करणाऱ्यांसाठी पद्धत आशादायक, पण मोठ्या चाचण्या हव्यात, असा त्याचा निष्कर्ष होता.

आपल्या केंद्रात बारा वेळा दोन-दोन तास कोण देणार, हा प्रश्न रास्त आहे. दुपारी ओपीडी आटोपल्यावर सात-आठ जणांचा गट बसवता येतो. गटाचा आणखी एक फायदा: शेजारची बाईही स्वतःला हेच म्हणते, हे ऐकूनच लाज निम्मी होते. मात्र नर्सला, आशाताईंना नीट प्रशिक्षण हवं आणि अडलं तर विचारायला जिल्ह्याचे मानसोपचारतज्ज्ञ हवेत. एक पारख तर त्यांना यायलाच हवी. ‘मी कमी पडते’ असं म्हणणारा आवाज वेगळा आणि ‘मी जगायच्या लायकीची नाही’ म्हणणारा वेगळा. दुसरा ऐकू आला की मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारायचं. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. होकार आला तर त्या व्यक्तीला एकटं न सोडता त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पोचवायचं.

[पडद्यावर: टेलिमानस – 14416]

चालू असलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. हा सराव त्यांच्या सोबतीने होतो. बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही आहे.