आठ पेट्या, एक चिठ्ठी

मागच्या वेळी आपण १८६५ सालापाशी, म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या शेवटापाशी थांबलो होतो. पुढे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना मिळालेला मताधिकार कसा हिरावला गेला, ते आता पाहू. १८७० साली पंधरावी घटनादुरुस्ती झाली आणि वंश, वर्ण किंवा पूर्वीचे दास्य या कारणांवरून कोणाचाही मताधिकार नाकारता येणार नाही असे ठरले. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली ती १८७३ साली. त्याच वर्षीच्या ईस्टरला लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून कृष्णवर्णीयांची कत्तल झाली.

१८७५ साली मिसिसिपीत डेमोक्रॅटिक पक्षाचे गोरे समर्थक बंदुकीच्या धाकाने कृष्णवर्णीयांना मतदानापासून रोखत होते, म्हणून गव्हर्नर एम्स यांनी केंद्राकडे लष्कर मागितले. ते आले नाही. हजारो कृष्णवर्णीय मतदार असलेल्या याझू काउंटीत लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला सात मते पडली. सात हजार नव्हे, सात. पण बंदुकीचा बभ्रा होतो. सिनेटने चौकशी समिती नेमली, साक्षी झाल्या, सगळे छापून आले. तेव्हा दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांनी गाजावाजा न होणारा मार्ग शोधला.

साउथ कॅरोलायनाचा १८८२ चा कायदा पाहा. तोवर सर्व उमेदवारांची नावे असलेली चिठ्ठी पक्षच छापून देत असे. ती पेटीत टाकली की झाले, अक्षरओळख नसली तरी अडत नसे. नव्या कायद्याने पदागणिक वेगळी पेटी आली, अशा आठ पेट्या, आणि चुकीच्या पेटीतली चिठ्ठी बाद. कोणी पेट्यांचा क्रम पाठ करून आलाच, तर अधिकारी त्यांच्या जागा बदलत. कायद्यात वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता, हे विशेष. मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत दोन डॉलरचा मतदान-कर घातला, शिवाय घटनेचे कलम वाचून दाखवण्याची किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगण्याची अट घातली. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार नोंदणी कारकून! १८९८ साली सर्वोच्च न्यायालयालाही या तरतुदींत वरकरणी काही गैर दिसले नाही. त्याच वर्षी लुइझियानाने आपली राज्यघटना बदलली. तेथे १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०० साली उरले ५,३२०.

हे डेमोक्रॅटांनी केले, यात वाद नाही. मला अधिक बोचते ते रिपब्लिकनांचे वागणे, कारण ही मते त्यांची होती. १८९० साली रिपब्लिकन प्रतिनिधी हेन्री कॅबट लॉज यांनी केंद्रीय निवडणुकांवर देखरेख ठेवणारे विधेयक आणले आणि ते प्रतिनिधिगृहात संमतही झाले. मात्र १८८९-९० मध्ये पश्चिमेकडची सहा नवी राज्ये संघात आली होती, त्यांनी सिनेटमध्ये पक्षाला बळ दिले होते, आणि दक्षिणेवाचून आपले भागते हे पक्षाच्या ध्यानात येऊ लागले होते. शिवाय पश्चिमेच्या सिनेटरांना चांदीची नाणी मुक्तपणे पाडू देण्याचा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा होता. जानेवारी १८९१ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी डेमोक्रॅटांशी हातमिळवणी करून विधेयक बाजूला सारले. १८९४ साली डेमोक्रॅटांनी निवडणूक देखरेखीचे जुने केंद्रीय कायदेही रद्द केले. पुढे १८९७ पासून अध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहे वर्षानुवर्षे रिपब्लिकनांच्या हाती होती. ते कायदे त्यांनी परत आणले नाहीत.