खर्जाची जागा

(दृश्य: मिरज, सकाळ. तंतुवाद्यांच्या दुकानांची रांग.)

मिरजेत तंतुवाद्यांच्या दुकानांवरून सकाळी चालत गेलं, की कुठल्या तरी दारातून तानपुऱ्याची तार कानावर येतेच. आत कारागीर जवारी, म्हणजे तारेची झंकार, लावत बसलेला असतो. घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे. छेडायचं, ऐकायचं, पुन्हा सरकवायचा. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दोरा सरकवायची ही रीत मात्र फार जुनी.

मी इथं आलोय ते एका काळ्या खोक्यासाठी. जुना, वापरलेला, पण आत स्वतःचा अँप असलेला सबवूफर. फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर, थोडक्यात सब.

मिरजेतल्याच ब्राह्मणपुरीत एक निवृत्त गुरुजी राहतात. बारा बाय दहाची खोली, कपाटावर दोन छोटे स्पीकर, प्रत्येकात चार इंची वूफर. गुरुजी मैफलींची ध्वनिमुद्रणं ऐकतात. मागच्या महिन्यात म्हणाले, "अरे, तबला ऐकू येतो, डग्गा येत नाही. बघ की काय करता येतंय."

गुरुजींचं बरोबर होतं. पुरुष गायकाचा सा काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) धरला, तर तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, साधारण ६९ हर्ट्झवर बसतो. चार इंची वूफर बहुतेक वेळा ऐंशीच्या खाली दमतो. खर्जाचे वरचे स्वर ऐकून कान खालचा स्वर बराचसा आपणच भरून काढतो, म्हणून छोट्या स्पीकरवरही तानपुरा ओळखू येतो. पण डग्ग्यावर मनगट दाबून घुमारा वर चढवला जातो, तेव्हा तो अंगाला जाणवावा लागतो. तेवढी हवा हलवणं त्या चार इंचांना जमत नाही.

(दृश्य: सांगली. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं दुकान. मागे रचून ठेवलेले सब.)

दुकानात सब पुष्कळ असतात, कामाचे थोडे. पहिल्यांदा पाठ बघायची. होम थिएटरच्या सेटमधून सुटलेल्या खोक्याला बऱ्याचदा स्वतःचा अँप नसतोच, फक्त तारेच्या दोन क्लिपा असतात. असला खोका स्टिरिओला जोडून भागत नाही. पाठीवर पॉवर कॉर्ड, व्हॉल्यूम, क्रॉसओव्हर (सबने कुठल्या स्वराखाली वाजायचं ते ठरवणारा) आणि फेजचा (सबची आणि स्पीकरची हालचाल जुळवणारा) खटका हवा. परदेशातून आलेला सब असेल तर व्होल्टेजचा खटका ११५ वर आहे की २३० वर, हे पिन लावायच्या आधी बघायचं. नंतर बघून उपयोग नाही, आतला ट्रान्सफॉर्मर जळालेला असतो.

मग बोटं कोनवर, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या पडद्यावर, समोरासमोर ठेवून अगदी हलकं, सरळ आत दाबायचं. आतून खरखर आली तर कॉइल घासतेय. कडेचा फोम नखाने टेकवून बघावा. जुना फोम भुसभुशीत होऊन पिठासारखा हातात येतो. रबराची कड जास्त टिकते.

आणि सांगलीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. त्या पाण्यात किती घरांतलं सामान बुडालं! मी माझा पहिला सब त्याच वर्षी घेतला. विकणाऱ्याने बाहेरून नवा काळा कागद चिकटवून दिला होता. आठवडाभरात तळाचं एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) फुगलेलं दिसलं, सांध्यातून हवा फुसफुसायला लागली. आतल्या स्क्रूंवर गाळ होता. तेव्हापासून मी खोका उलटा करून तळ बघतो आणि पाठीमागच्या पट्टीचा एक स्क्रू उघडून वास घेतो. पुराच्या पाण्याचा वास वर्षानुवर्षं जात नाही.

गुरुजींसाठी आठ इंची, चारी बाजूंनी बंद खोका निवडला. भोक असलेले बारा इंची सब सिनेमाच्या स्फोटांना छान. पण एवढ्या खोलीत, एवढ्या स्पीकरांसोबत, गाण्यासाठी मला ते नको वाटतात. डग्ग्याची थाप संपल्यावरही ते बोलत राहतात.

जोडणीत मी स्पीकरच्याच तारांवरून सबला सिग्नल देतो. सब त्यातून जवळपास काहीच करंट ओढत नाही, अँपवर भार पडत नाही. एक धोका मात्र आहे. हल्लीच्या छोट्या, स्वस्त क्लास डी अँपमध्ये काळी तारही जमिनीला जोडलेली नसते, तीही सिग्नलच वाहते. सबने ती आतून ग्राउंडला बांधली, तर अँप जायचा. असा अँप असेल तर स्पीकरच्या तारांऐवजी आरसीएची, म्हणजे गोल ऑडिओ पिनेची, तार वापरावी.

(दृश्य: गुरुजींची खोली. सब सोफ्यावर ठेवलेला.)

हो, सोफ्यावर. सबला खोलीत जागा शोधायला गुरुजींच्या बसायच्या जागी सब ठेवला, खर्जाचं ध्वनिमुद्रण लावलं आणि मी गुडघ्यांवर खोलीभर फिरलो. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज दोन भिंतींमध्ये अडकतो. कोपऱ्यात तो सगळ्यात जास्त घुमतो. पुस्तकांच्या कपाटाशेजारी, समोरच्या भिंतीपासून हातभर पुढे, खर्ज सपाट आणि स्वच्छ आला. सब तिथं गेला.

क्रॉसओव्हर ७५ हर्ट्झवर. त्याच्या फार वर नेला की आवाज खोक्यातून येतोय हे कानाला कळू लागतं. फेजचा खटका दोन्ही बाजूंना करून बघितला. ज्या बाजूला डग्गा भरला, ती ठेवली. मग व्हॉल्यूम. त्याला अर्धा तास गेला. गुरुजी डोळे मिटून म्हणत होते, "थोडा कमी. अजून. आता थोडा वर."

त्यांनी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची एक जुनी तबकडीही लावायला सांगितली. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, मिरजेच्या दर्ग्यातच त्यांची कबर आहे. त्या काळच्या तबकड्यांत एवढं खालचं फारसं उतरलेलं नाही. सबमधून आली ती नुसती तबकडीची घरघर. त्या गाण्यापुरता सब बंद ठेवायचं ठरलं.

मग पुन्हा मैफल. विलंबित एकताल. मी हळूच सबची पिन काढली. बोल तेच, लय तीच. पण डग्गा एकदम पातळ झाला.

गुरुजींनी डोळे उघडले. "का काढलीस? लाव परत."