कागदातून उभा राहणारा चांद्रवीर

जुलै 1969 मध्ये अपोलो 11 मोहिमेत चंद्रावर नील आर्मस्ट्राँग यांनी टिपलेले हे बझ ऑल्ड्रिन यांचे छायाचित्र. डावा हात कोपरात वाकलेला, शरीर किंचित पुढे झुकलेले आणि शिरस्त्राणाच्या सोनेरी काचेत खुद्द आर्मस्ट्राँग, त्यांचे चांद्रयान व ध्वज यांचे प्रतिबिंब. कागदातून हुबेहूब अंतराळवीर घडवायचा, तर अभ्यासासाठी याहून सरस छायाचित्र मिळणे कठीण आहे. मात्र मूळ चौकटीत माथ्यावरचा भाग कापला गेला आहे आणि छापताना अनेकदा वर काळे आकाश जोडले जाते. त्यामुळे पाठीवरच्या पेटीचा वरचा भाग आणि अँटेना यांसाठी त्याच मोहिमेची इतर छायाचित्रे पाहावीच लागतात.

हा पोशाख अमेरिकेतील डेलावेअर राज्यात, आयएलसी या कंपनीत शिवला गेला. प्लेटेक्स या नावाने अंतर्वस्त्रे बनवणाऱ्या उद्योगाशी ही कंपनी निगडित होती. तिथल्या शिवणकामात तरबेज असलेल्या स्त्रियांनी अनेक थरांचा हा पोशाख शिवला, तेव्हा टाक्याला एक मिलिमीटर इकडेतिकडे होण्याचीही सूट नव्हती. आपल्या दृष्टीने यातली सर्वांत मोलाची गोष्ट अशी की, हा पोशाखही मुळात सपाट तुकडे बेतून आणि जोडूनच गोल झालेला आहे. म्हणून प्रतिकृतीचा नकाशा आखताना कागदाचे सांधे शक्य तितके खऱ्या शिवणींच्या जागी आणावेत. तिथे आलेला सांधा डोळ्यांना खुपत नाही, उलट तो पोशाखाचाच भाग वाटतो.

प्रमाण एकास बारा धरले, तर अंतराळवीर सुमारे पंधरा सेंटीमीटर उंच होतो. पाठीवरची जीवरक्षक पेटी प्रत्यक्षात 66 सेंटीमीटर उंच आणि 46 सेंटीमीटर रुंद होती, म्हणजे प्रतिकृतीत ती साडेपाच आणि जवळजवळ चार सेंटीमीटर. ती सरळ खोक्यासारखी असल्याने लवकर जमते. खरी परीक्षा हातापायांची आहे. पोशाखाच्या आत वातावरणाच्या साधारण पाव पट दाबाने शुद्ध प्राणवायू भरलेला असे, त्यामुळे आतला थर टणक फुगलेला आणि त्यावरचे पांढरे कापड मात्र सैल, अशी त्याची ठेवण होती. सगळीकडे सारख्याच सुरकुत्या पाडल्या, तर पोशाख रिकामा दिसतो. त्यासाठी आधी जाड कार्डशीटची नळी करावी, कोपर आणि गुडघ्यापाशी तिला पाचरीसारखे छेद देऊन वाक द्यावा आणि मगच त्यावर किंचित ओलसर केलेला पातळ कागद चढवून, वाकाच्या आतल्या बाजूला चिमट्याने चुण्या बसवाव्यात. नळी वळवण्यापूर्वी कागदाच्या तंतूंची दिशा तपासणे अगत्याचे आहे; तंतू नळीच्या लांबीला समांतर असले, तर कागद सहज वळतो, आडवे असले तर मोडतो.

शिरस्त्राणाचे गणित वेगळे आहे. मोसंबीची साल सपाट पसरायला गेले की ती फाटते, तसाच गोल कधीच एका अखंड कागदातून होत नाही. निमुळत्या पाकळ्या कापून, एकीच्या कडेला दुसरी बसवत तो घडवावा लागतो. पाकळ्या जितक्या जास्त तितका गोल नितळ, पण सांधेही तितकेच वाढतात. या आकाराला बारा पाकळ्या मला पुरेशा वाटतात. काचेसाठी चकचकीत सोनेरी कागद लावण्याचा मोह टाळावा, कारण त्यात आपल्याच खोलीचा दिवा दिसू लागतो. प्रतिबिंबासकट छापलेली आणि वरून हलके वॉर्निश दिलेली काच अधिक खरी ठरते.

आता हातमोजा जवळून पाहू. एकेक बोट जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचे आहे. हातमोज्यावर धातूच्या तारांचे विणलेले करडे कापड होते आणि बोटांची टोके निळ्या सिलिकॉन रबराची. इतक्या लहान जागी नळी वळवण्यापेक्षा कागदाचे थर एकावर एक चिकटवून, वाळल्यावर बारीक पॉलिशपेपरने कडा गोलावणे सोपे जाते. छातीवर नळ्यांची निळी आणि लाल जोडणी येते: निळीतून प्राणवायू आत, लालमधून बाहेर. मांडीवर किंवा दंडावर लाल पट्टे मात्र रंगवू नयेत, कारण ते कमांडर ओळखू यावा म्हणून चंद्रावर प्रथम अपोलो 14 मध्ये दिसले.

कापलेल्या प्रत्येक कडेला कागदाचा पांढरा गाभा उघडा पडतो. चिकटवण्यापूर्वीच त्या कडेवरून जवळच्या रंगाची पेन्सिल फिरवून घ्यावी. या एका कामाने जेवढा फरक पडतो, तेवढा महागड्या कागदानेही पडत नाही.

छायाचित्रणासाठी एकच दिवा पुरे. ऑल्ड्रिन चंद्रावर चालत होते, तेव्हा सूर्य क्षितिजापासून अवघ्या चौदा-पंधरा अंशांवर होता. दिवा त्याच कोनात ठेवला की पंधरा सेंटीमीटरच्या प्रतिकृतीची सावली साठ सेंटीमीटरच्या आसपास जाते, तेव्हा तळाचा करडा पुठ्ठा तेवढा लांब कापावा आणि मागे काळे मखमली कापड लावावे.