निअँडरथल मानव, बदलते हवामान आणि शिकार

श्रोतेहो, निअँडरथल म्हटले की बर्फात कातडे पांघरून कुडकुडणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो, आणि तो थंडीने नामशेष झाला असे मानून आपण मोकळे होतो. परंतु या मानवांनी युरोप आणि पश्चिम आशियात तीन लाखांहून अधिक वर्षे काढली आणि त्या अवधीत हिमयुगे येऊन ओसरलीसुद्धा. इतके हिवाळे पचवलेला प्राणी निव्वळ गारठ्याने कसा संपेल? माझ्या मते हवामानाचा घाव त्याच्या अंगाआधी त्याच्या शिकारीवर बसत होता, आणि तो घाव थंडीचाच होता असेही नाही.

सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी युरोप आजच्याहून किंचित उबदार झाला. गवताळ मैदानांवर झाडी चढली, थंड प्रदेशातले मोठे कळप उत्तरेकडे सरकले. फ्रान्समध्ये रोन नदीकाठी मूला-गेर्सी नावाची गुहा आहे. तिच्यातील त्या काळाच्या थरात सहा निअँडरथलांची हाडे सापडली. त्यांत दोन लहान मुलेही होती. हाडांवर दगडी हत्यारांच्या खुणा आहेत, मगज काढण्यासाठी ती फोडलेली आहेत, आणि त्याच थरातल्या हरणांच्या हाडांचीही गत नेमकी तशीच आहे. हा एखादा अंत्यविधी असावा, अशी शंका काहींनी घेतली होती. मात्र जी वागणूक हरणाला तीच माणसाला, हे पाहिल्यावर मला तरी विधीपेक्षा भुकेचेच स्पष्टीकरण पटते. २०१९ मध्ये फ्रेंच संशोधकांनीही झपाट्याने आलेल्या उबेमुळे शिकार आटली, असाच निष्कर्ष मांडला.

पण इथेच घाई करू नये. त्याच उबदार काळात जर्मनीतील नॉयमार्क-नॉर्ड येथे, आज जिथे कोळशाची जुनी खाण आहे तिथे, तळ्यांच्या काठी राहणारे निअँडरथल सरळ सुळ्यांचे हत्ती मारत होते. त्यातील मोठे नर १३ टनांपर्यंत भरत. तिथे ७० हून अधिक हत्तींचे अवशेष मिळाले असून त्यांत प्रौढ नरच बहुसंख्य आहेत. हे नर कळपापासून वेगळे, एकटे फिरतात, म्हणजे सावज हेरून निवडलेले होते. एका मोठ्या हत्तीत माणसाच्या एका दिवसाच्या आहाराचे अडीच हजारांहून अधिक वाटे निघत, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. तेव्हा ऊब एकीकडे उपासमार घेऊन आली आणि दुसरीकडे मेजवानी. त्या त्या परिसरात पाणी किती, रान किती दाट आणि कोणते जनावर टिकले, यावर सारे ठरत होते.

आता निअँडरथलांच्या शेवटच्या टप्प्याकडे येऊ. ग्रीनलंडच्या बर्फाचे खोलवरून काढलेले नमुने सांगतात की त्या काळी काही दशकांत तिथले तापमान दहा-दहा अंशांनी चढे आणि नंतर हळूहळू, कधी एकदम, घसरे. युरोपात रान हटून माळ पसरे, माळावर पुन्हा रान चढे. माळावर मांस कमी नव्हते, घोडे होते, रेनडिअर होते, मॅमथ होते. मात्र भाल्याने जवळून मारणाऱ्याला दबा धरायला आडोसा लागतो, आणि तोच नाहीसा होत असे. तरीही जर्मनीतल्याच झाल्झगिटर येथे सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी त्यांनी शरद ऋतूत स्थलांतर करणारे रेनडिअरांचे कळप गाठून मारलेले दिसतात. म्हणजे नवे डावपेच त्यांना सुचत नव्हते, असे म्हणता येत नाही.

अडचण संख्येची होती, असे मला वाटते. कळपांची वाट बदलली की मोठ्या समाजाला शेजारच्या टोळीकडून बातमी मिळते, आसरा मिळतो, जोडीदार मिळतो. निअँडरथलांच्या टोळ्या लहान आणि विखुरलेल्या होत्या. प्रत्येक हवामानबदलात त्यांतल्या काही संपत, आणि मोकळ्या झालेल्या खोऱ्यांत पुन्हा वस्ती करायला उरलेले लोक थोडेच असत. सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी त्यांचा माग संपतो. त्याच्या काही हजार वर्षे आधीच युरोपात आपले पूर्वज येऊन पोहोचले होते. टोळ्या किती लहान असत याची एक खूणही आहे: सायबेरियातील अल्ताई पर्वतातल्या डेनिसोव्हा गुहेतील एका निअँडरथल स्त्रीच्या पायाच्या बोटाच्या हाडातून डीएनए वाचता आला, तेव्हा तिचे आईवडील सावत्र भावंडांइतके जवळचे नातलग असल्याचे आढळले.