डोकं उडवलेले अंक

(दृश्य: पहाट, गिरगाव. बंद दुकानाच्या पायरीवर पेपरचे गठ्ठे सुटतायत.)

साडेचार वाजलेत. ठाकुरद्वारच्या नाक्यावर रस्ता झाडायलाही अजून कोणी आलेलं नाही, पण या पायरीवर पुरवण्या भरायचं काम निम्मं उरकलंय. डाव्या हाताने पेपर उघडायचा, उजव्याने पुरवणी आत सारायची, एक झटका, घडी. लाइनवर जाणारी पोरं सायकलला पिशव्या अडकवून थांबलीयत. घरोघरचे पेपर पडले की सातच्या सुमाराला इथेच स्टॉल लागतो. दोन खोकी, त्यावर फळी, वर ताडपत्री. आणि मागच्या भिंतीवर या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत ताणलेली सुतळी.

(दृश्य: सुतळीवरचे लाकडी चिमटे. बरेच रिकामे.)

आज या सुतळीवर तीन अंक आहेत, एक पंचांग आहे आणि मोबाइलची कव्हरं आहेत. मी शाळेत होतो तेव्हा तिच्यावर इतकं ओझं असायचं की मधोमध झोळ पडायचा आणि स्टॉलवाले काका काठीने तो उचलून धरायचे. प्रत्येक चिमट्याची जागा ठरलेली. पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर ‘चांदोबा’ आणि ‘किशोर’. ‘चांदोबा’ मद्रासहून यायचा, मराठीत तो १९५२ पासून. विक्रमाच्या खांद्यावरचं ते प्रेत बघायला आम्ही उभे राहायचो. ‘किशोर’ बालभारतीचं, १९७१ सालचं, म्हणजे ते विकत घ्यायला घरचे नाही म्हणत नसत. इंद्रजाल कॉमिक्सना मात्र घरचे हमखास नाही म्हणायचे, त्यामुळे त्यातला वेताळ, म्हणजे फँटम, उभ्यानेच वाचायचा. चारपाच पानं झाली की काका खाकरत. दुसऱ्यांदा खाकरले की पुस्तक परत चिमट्यात.

‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ शेजारी शेजारी लागत, एका घरातली म्हणून. पहिलं १९२० सालचं. नांगर बनवणाऱ्या कारखान्याच्या गावातून, किर्लोस्करवाडीतून, ते निघालं. ‘स्त्री’ त्यानंतर दहा वर्षांनी. आमच्या चाळीत ‘स्त्री’चा एक अंक यायचा आणि सात बिऱ्हाडांत फिरायचा. काकांना हे माहीत होतं. त्यांचा त्यावर राग नव्हता, हिशेब होता: “एक घेतात, सात वाचतात, त्यातली एखादी उद्या स्वतःचा घेईल.”

‘सत्यकथा’ सुतळीवर कधी टांगलीच नाही. ती फळीखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. घेणारे मोजके, ते आले की काका न विचारता हात खाली घालत. गंमत म्हणजे तो अंक छापला जायचा खटाववाडीत, मौज छापखान्यात, स्टॉलपासून चालत पाच मिनिटांवर. १९८२ साली तो बंद झाला, तरी एक गृहस्थ पुढचे कितीतरी महिने पहिल्या आठवड्यात येऊन फळीखाली वाकून बघून जायचे.

(दृश्य: दिवाळी अंकांचा ढीग, जुना फोटो.)

दिवाळीला सुतळी पुरत नसे. शेजारच्या दुकानदाराच्या शटरला दोरी बांधावी लागे, आणि त्याचं भाडं म्हणजे त्याच्या बायकोला हवा तो एक अंक. ही दिवाळी अंकाची चाल काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पाडली, फराळाइतकीच ती आता जुनी वाटते. स्टॉलवर सगळ्यात जास्त जपावा लागे तो ‘आवाज’. त्यात खिडक्या असत. वरच्या पानात कापलेली चौकट, तीतून दिसणारं काहीतरी भलतंच, आणि पान उलटलं की चित्र अगदी सोज्वळ. येणारा प्रत्येकजण आधी खिडकी उघडणार. संध्याकाळपर्यंत ती चौकट लोंबायला लागे आणि अंक वाया. मग काकांनी प्रत्येक ‘आवाज’ला रबरबँड घातलं. रबरबँड सोडवणारा माणूस लांबूनही दिसतो, असं त्यांचं म्हणणं.

आता परताव्याबद्दल सांगतो, कारण माझं सगळं वाचन त्याच्यावर झालं.

न खपलेला माल डेपोत परत जातो. दैनिकांचा, मासिकांचा हिशेब वेगवेगळा. पण काही साप्ताहिकं अख्खा अंक मागवतच नसत. एवढं वजन परत वाहायचं कशाला? मुखपृष्ठावरची नावाची पट्टी तेवढी पाठवायची, पैसे वळते. शनिवारी दुपारी काका लोखंडी फूटपट्टी घेऊन बसत. नावाच्या खाली पट्टी दाबायची आणि कागद वर ओढायचा. एका फटक्यात डोकं वेगळं. फाटलेल्या कडेला पांढरे तंतू उभे राहात. पट्ट्यांची गड्डी डेपोला, आणि उरलेली धडं रद्दीत. त्यातली एकदोन मला मिळत.

मी वाचलेल्या निम्म्या अंकांना म्हणून नाव नव्हतं. अक्षराच्या वळणावरून, कागदाच्या पिवळेपणावरून ओळखायचं कुठला ते. अडलंच तर शेवटच्या पानावर तळाला बारीक टाइपात बघायचं: अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून इथे प्रसिद्ध केले. ती ओळ कायद्याने छापावीच लागे, १८६७ च्या, इंग्रजांनी केलेल्या. आपण तो थेट २०२४ मध्ये बदलला. सरकारला संपादकावर डोळा ठेवायचा होता, उपयोग झाला मला.

मग टीव्ही आला, चॅनेलं आली, मोबाइल आला. ते सगळं आपल्याला पाठ आहे. काकांच्या लक्षात राहिलाय तो एप्रिल २०२०. घरोघर पेपर टाकायलाच काही दिवस सरकारी मनाई होती. “सुतळी तेव्हा पहिल्यांदा सोडली,” ते म्हणतात. “धुऊन घेतली. पाणी शाईसारखं काळं.”

(दृश्य: काका स्टुलावर. हातात जुना अंक.)

या चित्रीकरणासाठी मी घरातला एक अंक शोधून आणला होता. डोकं उडवलेला, चाळीस वर्षांपूर्वीचा. काका ओळखतात का ते कॅमेऱ्यावर बघायचं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, अंक नाकाजवळ नेला. शेवटचं पान उलटलं नाही. दोन रकान्यांमधल्या रेघेवरून बोट फिरवलं आणि ‘मनोहर’ म्हणाले. बरोबर होतं.

अंक परत द्यायला हात पुढे केला आणि मधेच थांबले. वरच्या कडेवर अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा.

“काय रे,” म्हणाले, “‘मनोहर’ची पट्टी मी कधी कापली? तो तर अख्खा परत जायचा.”

मी कॅमेऱ्यामागच्या पोराकडे बघितलं. तो चित्रीकरण थांबवेना.

“आणि ही कड बघ. गुळगुळीत आहे. कात्रीची.”

आईने विचारलं होतं तेव्हा, कुठून आणलास म्हणून. काकांनी दिला, परताव्यातला, असं मी सांगितलं होतं, आणि वरची पट्टी आधीच गच्चीवर जाळून आलो होतो.

काकांनी खोक्यातली उधारीची वही काढली, पेन शोधलं आणि माझं नाव लिहायला घेतलं.