रिगाच्या बाजारातला ‘जीव्स’

हे रिगाचं सेंट्रल मार्केट. रिगा म्हणजे लॅटव्हियाची राजधानी. बाजार सुरू झाला १९३० साली, आणि ह्या भल्यामोठ्या कमानी दिसतायत ना, त्या मुळात झेपेलिनच्या, म्हणजे जुन्या अजस्र हवाई जहाजांच्या, हँगरच्या आहेत, पण ती गोष्ट परत कधीतरी, आत्ता आपण सरळ मासळीच्या हॉलमध्ये शिरू.

टाकीतली ही मासोळी अजून पाण्यात आहे, म्हणून तिला लॅटव्हियन माणूस म्हणतो ‘जीवा झिव्स’. झिव्स म्हणजे मासोळी, तीही आपल्यासारखीच स्त्रीलिंगी. आणि जीवा म्हणजे जिवंत. पुल्लिंगी असेल तर ‘जीव्स’.

उच्चार मात्र नीट ऐका. हा ज आपल्या ‘जीव’मधला नाही, ‘जुना’मधला आहे. मराठी माणसाकडे दोन्ही ज आहेत, तरी गंमत अशी की पुढे ई आली की आपली जीभ आपोआप ‘जीवन’वाल्या ज कडेच पळते. आणि ‘जीव्स’च्या शेवटी व जवळजवळ उ होतो, जीउस.

आता जीव आणि जीव्स इतके सारखे म्हटल्यावर लोक लगेच म्हणतात, बघा, संस्कृतातून तिकडे गेला! नाही हो. शेजारच्या लिथुआनियात ह्याच शब्दाला ‘गीवस’ म्हणतात, चक्क ग. ह्या सगळ्या भाषांची जी एक जुनी पूर्वज भाषा, तिच्यातला आवाज ग च्या जवळचा होता आणि लिथुआनियनने तो ग ठेवला. लॅटव्हियनमध्ये इ-ए सारख्या स्वरांपुढे ग चा तो ‘जुना’वाला ज झाला, म्हणून लिथुआनियन ‘गेर्ति’, पिणं, इकडे ‘जेर्त’. संस्कृतातही तशाच स्वरापुढे आवाज मऊ पडून ज आला, पण ते वेगळं, स्वतंत्र घडलं. म्हणजे संस्कृत आई नाही, फार तर दूरची मावशी. लॅटिनचा ‘वीवुस’ही त्याच घरातला.

व्याकरणात मात्र आपण सुटलो. आपला ‘जिवंत’ जिवंत मासा, जिवंत मासोळी, जिवंत मासे, सगळीकडे तसाच, आळशी गडी. लॅटव्हियनमध्ये लिंग, वचन, विभक्ती बदलली की विशेषणाचं शेपूट बदलतं. अनेकवचनात ‘जीवस झिविस’. ‘मला जिवंत मासोळी दिसतेय’ म्हणायचं तर ‘जीवु झिवि’.

आणि एवढ्यावर थांबत नाही! ‘जीवा झिव्स’ म्हणजे कुठलीतरी एक जिवंत मासोळी. तोच शेवटचा आ लांबवला की होते ‘ती’ जिवंत मासोळी, जिच्याबद्दल आपण बोलत होतो ती. पुल्लिंगात जीव्सचं ‘जीवाइस’ होतं. पूर्वी विशेषणामागे तो, ती अशा अर्थाचं छोटं सर्वनाम लागायचं, ते बोलता बोलता झिजून विशेषणालाच चिकटलं. इंग्रजीत जे काम ‘द’ करतं ते इथे शेपटात होतं, मला तर ही सोय जास्त आवडते.

ह्याच धातूवरून फ्लॅटला ‘जीवुओक्लिस’, राहण्याची जागा. पाऱ्याला ‘जीवसुद्रब्स’, जिवंत चांदी. सुद्रब्स म्हणजे चांदी. आणि अपॉइंटमेंट नसली, जो आधी आला त्याचं काम आधी, तर त्या रांगेला म्हणतात ‘जीवा रिंदा’, जिवंत रांग. इथे आ लांबच, कारण अशा ठरलेल्या जोड्यांमध्ये सहसा ‘ती’वालंच रूप वापरतात.