पोटऱ्यांचं काम

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आपल्या बेळगावजवळचा, येळ्ळूरचा राजहंसगड चढून आलो आणि दुसऱ्या दिवशी घरचा जिना कठडा धरून उतरावा लागला. पोटऱ्या नुसत्या दगड झाल्या होत्या. आमच्या धावण्याच्या गटातल्या पोरांनी टिळकवाडीतल्या एका रिकव्हरी स्टुडिओचं, म्हणजे व्यायामानं थकलेल्या अंगाला आराम देणाऱ्या जागेचं, नाव सांगितलं. मी गेलो.

तिथं दोन्ही पायांत मांडीपर्यंत येणारे जाड, चेन लावायचे बूट घालतात. आत हवेचे कप्पे असतात. आधी पाऊल आवळलं जातं, मग घोटा, मग पोटरी, मग मांडी. मग एकदम सगळी हवा सुटते, फुस्स करून, आणि पाय हलका होतो. वीस मिनिटं हेच चालू. बूट काढले तेव्हा घोट्यावरची मोज्यांची वळ सुद्धा पुसट झाली होती.

यामागचं काम आपल्याच शरीराचं आहे. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं असतं, पण खाली पंप नाही. ते काम पोटरी करते. चालताना ती आवळते, शिरा दाबल्या जातात, आणि शिरांतल्या झडपा रक्त पुन्हा खाली येऊ देत नाहीत. मशीन बाहेरून तेच करते. दवाखान्यात ऑपरेशननंतर झोपून असलेल्या पेशंटच्या पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनही असेच पट्टे लावतात. माझी ठणक त्या दिवशी नक्की कमी झाली. धावण्याचा वेग वाढेल असं मात्र मी कुणाला सांगणार नाही.

मला खरं सांगायचंय ते वहिनींबद्दल. वडगावला त्या पॉवरलूमवर साड्या विणतात, दिवसभर उभ्यानं. संध्याकाळी पाय सुजतात. "भावजी, पाय उचलंनात बघा," म्हणाल्या, म्हणून पुढच्या खेपेला त्यांनाही घेऊन गेलो. स्टुडिओतल्या मुलीनं बूट घालायच्या आधी दोन्ही पोटऱ्या हातानं चाचपल्या. डावी जास्त सुजलेली, जरा गरम. तिनं बूट बाजूला ठेवले. "काकू, आधी डॉक्टरांना दाखवा. गुठळी असली तर दाबणं धोक्याचं," म्हणाली. पैसे घेतले नाहीत. त्या पोरीबद्दल मला फार आदर वाटतो.

डॉपलर तपासणीत, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, गुठळी निघाली नाही, शिरांच्या झडपा सैल झाल्या होत्या. डॉक्टरांनी घट्ट मोजे दिले, घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर सैल होत जाणारे. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी चढवायचे, सूज उतरलेली असते तेव्हा. पहिल्या दिवशी वहिनींना एक मोजा चढवायला दहा मिनिटं लागली. आता त्या मोजा टाचेपर्यंत उलटा करून घेतात, मग वर ओढतात.

एक पाय अचानक सुजला, दुखला, लाल झाला तर मशीनकडे नाही, दवाखान्यात जा. हृदयाचा त्रास असेल किंवा पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे बूट घालू नका. आणि विणकर बायांनो, दादांनो, उभ्या जागी टाचा उचलत राहा.

परवा वडगावला गेलो होतो. माग धडधडत होता, वहिनी तुटलेला धागा जोडत होत्या, आणि खाली त्यांच्या टाचा वर-खाली होत होत्या.